श्याम आणि पांडुरंग

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालेली अरुंद रुळांची आगगाडी २०१५ पर्यंत सौंसरच्या मुलुखातील रामाकोना स्थानकावरून जात असे. हा प्रदेश कपाशीचा, ज्वारीचा आणि संत्र्यांच्या बागांचा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भ एका राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली ह्या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि घरात मराठी आणि कचेरीत हिंदी हा तेथील रिवाज जुनाच आहे. अशा गावी वाढणाऱ्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. नारळी-पोफळीच्या वाड्या, भाताची खाचरे, खोताचे घर ह्या गोष्टी त्याला पुस्तकातच भेटतात. असे असूनही कोकणातील पालगड गावचा श्याम त्याला परका वाटत नाही. ‘श्यामची आई’ हाती आली की, हा मुलगा आपल्याच आळीतला आहे असे त्याला वाटू लागते.

असे का व्हावे? ह्या प्रश्नाला एक सोपे उत्तर दिले जाते. श्याम हा खरा मुलगा होता. साने गुरुजींनी स्वतःचीच कथा सांगितली. म्हणून ती खरी वाटते, असे ते उत्तर. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. खरे घडलेले सारेच काही वाचकाला खरे वाटत नाही. पुष्कळ थोर माणसांची आत्मचरित्रे कपाटात धूळ खात पडतात. तेव्हा श्याम आणि पांडुरंग सदाशिव साने ह्या दोघांची आयुष्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहणे उचित होईल. ती कोठे जुळतात हे तर पाहावेच. कोठे जुळत नाहीत हेही पाहावे.

पांडुरंग सदाशिव साने ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, पालगड येथे झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदा. घराणे खोताचे, एके काळी खाऊनपिऊन सुखी. पुढे भाऊबंदकी आणि कर्ज ह्यांनी ते खंगत गेले. पांडुरंगाचे प्राथमिक शिक्षण गावी झाले. नंतर काही काळ तो पुण्यास मामांकडे राहिला. तेथे मन रमले नाही, म्हणून दापोलीच्या मिशन शाळेत आला. घरची ओढगस्त इतकी वाढली की, तेथील शिक्षणही परवडेना. मग गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून त्याने औंध संस्थान गाठले. तेथे प्लेगाची साथ आली. पुन्हा पुणे, नूतन मराठी विद्यालय, अर्धपोटी दिवस; आणि १९१८ साली मॅट्रिकची परीक्षा. मधल्या काळात, १९१७ साली, आई निवर्तली होती. त्या वेळी पांडुरंग सतरा वर्षांचा होता.

श्यामची कथा जवळजवळ ह्याच वाटेने जाते. तेच पालगड, तेच दापोली, तीच औंधची धडपड. घरावर चढत जाणारे कर्ज आणि सावकाराचा तगादा, हे सारे पुस्तकात आहे. धाकट्या भावंडाचा मृत्यू त्यात आहे, आणि शेवटी आईचे जाणेही आहे. लेखकाने गावांची नावेसुद्धा बदललेली नाहीत. जो लेखक स्वतःला लपवू पाहतो, तो आधी गाव बदलतो. साने गुरुजींनी गाव तसेच ठेवले. बदलले ते फक्त मुलाचे नाव.

ह्या नावातच एक गंमत आहे. पांडुरंग ह्या शब्दाचा सरळ अर्थ पांढुरक्या रंगाचा असा; श्याम म्हणजे सावळा. शब्द परस्परविरोधी, देव मात्र एकच. पंढरीच्या सावळ्या मूर्तीला वारकरी पांडुरंग म्हणतात, त्यात त्यांना विसंगती दिसत नाही. लेखकानेही आपले नाव टाकले ते अगदी जवळच्या नावासाठी. ओळख पटावी इतके ते जवळचे आहे आणि आपल्याच बालपणाकडे थोडे दुरून पाहता यावे इतके दूरचेही आहे.

हे दुरून पाहणे लेखकाला का हवे होते, हे पुस्तक लिहिले गेले त्या जागेवरून कळते. १९२४ ते १९३० ह्या काळात साने हे खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. मुलांचे कपडे धूत, आजाऱ्याची शुश्रूषा करीत. १९३० साली सत्याग्रहाची हाक आली आणि त्यांनी शाळा सोडली. त्यानंतर तुरुंगवासांची मालिका सुरू झाली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांचा तमिळ भाषेशी परिचय झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली; ती उतरवून घेणारा हात साने गुरुजींचा होता. तेथून पुढे नाशिकचा तुरुंग आला. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी तेथे ‘श्यामची आई’ लिहावयास प्रारंभ झाला आणि १३ फेब्रुवारीला लेखन थांबले. दिवसा तुरुंगातील काम आणि रात्री लेखन, अशा पाच दिवसांत पुस्तकाचा बहुतेक भाग तयार झाला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले.

आई जाऊन सोळा वर्षे लोटली होती. मुलगा तेहतीस वर्षांचा झाला होता. कोठडीतील माणसाला स्वतःखेरीज दुसरी सोबत नसते. अशा वेळी स्वतःविषयी ‘मी, मी’ म्हणून लिहीत बसणे संकोची स्वभावाच्या माणसाला जड जाते. म्हणून त्यांनी एक आश्रम कल्पिला. तेथे सायंप्रार्थनेनंतर मित्र जमतात, गावातील माणसेही येऊन बसतात, आणि श्याम रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. अशा बेचाळीस रात्री. लेखक एकटा होता, त्याने नायकाला श्रोते दिले. लेखक भिंतीआड होता, त्याने नायकाला मोकळे अंगण दिले. पालगडचे घर त्यांनी आठवणीतून लिहिले. हे अंगण त्यांनी घडविले, आणि कादंबरीकाराचे खरे काम येथेच दिसते. श्यामची वाक्ये आजही मोठ्याने वाचावीशी वाटतात. ती कुणाला तरी सांगण्यासाठीच लिहिलेली आहेत.

स्वतःचे बालपण नायकाच्या अंगावर चढविणारे साने गुरुजी पहिले लेखक नव्हते. इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ह्याचे वडील कर्जापायी १८२४ साली लंडनच्या मार्शलसी तुरुंगात पडले. बारा वर्षांच्या मुलाला बुटाचे काळे पॉलिश भरण्याच्या कारखान्यात कामाला जावे लागले. ही लाजिरवाणी आठवण डिकन्सने जन्मभर लपवून ठेवली. १८४९-५० मध्ये ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ प्रसिद्ध होत होती, तेव्हा वाचकांना एवढेच दिसले की, डेव्हिड नावाचा पोरका मुलगा बाटल्या धुण्याचे काम करतो आहे. चार्ल्स डिकन्सची आद्याक्षरे उलटी केली की डेव्हिड कॉपरफील्डची होतात, हे फार जणांच्या ध्यानी आले नाही. डिकन्सचा मृत्यू १८७० साली झाला. त्याचा मित्र फॉर्स्टर ह्याने नंतर चरित्र लिहिले, तेव्हा कोठे जगाला खरी हकीकत कळली.

दोन्ही घरांवर संकट कर्जाचेच होते. पण डिकन्सला ते झाकावयाचे होते. साने गुरुजींना झाकावयाचे काहीच नव्हते. डिकन्सच्या मनात आईविषयी अढी राहिली, कारण कारखान्यातून सुटका होत असताना तिने मुलाला परत तेथेच धाडावे असे म्हटले होते. म्हणून डेव्हिडची आई दुबळी आहे आणि लवकरच कथेतून जाते. श्यामच्या कथेत आई हाच घराचा कणा आहे. लेखकाचे दुःख त्याच्या नायकात उतरते, आणि तसेच त्याचे ऋणही उतरते. डेव्हिड दुःखातून जन्माला आला, श्याम ऋणातून.

ऋणाची ही परंपरा फार जुनी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन ह्यांनी आपले आत्मनिवेदन लिहिले. त्यात लहानपणी शेजाऱ्याच्या झाडावरील नासपती चोरल्याची कबुली आहे, आणि मोनिका ह्या आपल्या आईची कथा आहे. श्यामही चोरीची कबुली देतो; पुस्तके घेण्याच्या लोभाने त्याने पैसे घेतलेले असतात. दोन्ही लेखकांना एक गोष्ट ठाऊक होती. आपल्या चांगुलपणाची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. आपल्या लहानशा पापाची गोष्ट सांगितली की तो आपले मन चाचपू लागतो. मात्र ऑगस्टीन ह्यांनी ‘मी’ म्हटले. साने गुरुजींच्याच काळात लक्ष्मीबाई टिळकांनीही ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना ‘मी’ म्हटले आणि हसत हसत म्हटले. साने गुरुजींना ते जमण्याजोगे नव्हते. त्यांना ‘मी’ म्हणण्याआधी ‘श्याम’ म्हणावे लागले.

आता श्यामचे गुणदोष पाहावे. पुस्तकातला हा मुलगा आदर्श मुळीच नाही. तो पाण्याला भितो. पोहावयास शिकावे म्हणून आईला हाती काठी घ्यावी लागते. तो हट्टी आहे. पाय मळू नयेत म्हणून त्याचा हट्ट पुरविणारी आई त्याला बजावते की, पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. दोष सारे श्यामचे आणि शहाणपण सारे आईचे, अशी ही वाटणी आहे. खऱ्या पालगडात ती इतकी नेटकी खचित नसेल. यशोदाबाईंनाही थकवा येत असेल, चिडचिड होत असेल. कर्जाच्या घरात कोणती गृहिणी सदैव शांत राहील? पण मुलाने जाणूनबुजून पारडे एका बाजूला झुकविले. इतिहासकाराने येथे सावध राहावे. यशोदाबाई आपल्याला दिसतात त्या मुलाच्या आठवणीतून. त्यांच्या हातचे पत्र नाही, रोजनिशी नाही. त्या काळच्या हजारो बायांप्रमाणे त्यांचे सारे लेखन शेणाने सारवलेल्या जमिनीवर झाले आणि तेथेच पुसले गेले. मुलाने पुस्तक लिहिले नसते, तर त्यांचे नाव पालगडाबाहेर कुणालाही कळले नसते.

आईच्या मृत्यूच्या वेळी मुलगा जवळ नव्हता, ही गोष्ट कथेत आणि आयुष्यात सारखीच आहे. श्याम शिक्षणासाठी दूर आहे. तो घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. १९१७ साली पांडुरंगाच्या वाट्यास हेच आले. ज्या शिक्षणासाठी आईने पोटाला चिमटा घेतला, त्याच शिक्षणाने शेवटची भेट हिरावून नेली. गरिबाघरच्या पुष्कळ मुलांचे हे दुःख आहे. रामाकोन्याहून नागपूरला शिकावयास गेलेल्या आणि तार हाती पडताच परतीची गाडी पकडणाऱ्या मुलालाही ते वेगळे सांगावे लागत नाही. सोळा वर्षांनंतर नाशिकच्या कोठडीत ते पाच दिवस ज्या वेगाने लिहिले गेले, त्याचे मूळ ह्या चुकलेल्या भेटीत शोधावे लागेल. जे शेवटच्या घटकेला बोलता आले नाही, ते बेचाळीस रात्री बोलावे लागले.

येथपर्यंत आयुष्य पुढे आणि पुस्तक मागे, असा क्रम आहे. साने गुरुजींच्या बाबतीत पुढे हा क्रम उलटला. पुस्तक पुढे गेले आणि आयुष्य त्याच्या मागून चालू लागले.

एका रात्री श्याम एक प्रसंग सांगतो. एका म्हातारीच्या डोक्यावरची लाकडांची मोळी पडली आहे. ती अस्पृश्य मानलेल्या जातीची असल्यामुळे कुणी मोळीला हात लावीत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या ब्राह्मण गृहिणीने एवढे सांगावे हेही धैर्याचेच होते. शेजारीपाजारी नावे ठेवतील हे तिला ठाऊक होते. तरीही आंघोळ राहिलीच. दया होती, समता नव्हती. मुलगा ही गोष्ट विसरला नाही. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर बारा वर्षांनी, १ मे १९४७ रोजी, साने गुरुजी पंढरपुरात उपोषणास बसले. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे, ही त्यांची मागणी होती. त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागे केले होते. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले आणि उपोषण सुटले. पांडुरंग नावाचा माणूस पांडुरंगाच्या दारी उपाशी बसला तो म्हातारीच्या मोळीपायीच. आईने पहिले पाऊल टाकले होते. आंघोळीची अट मुलाने काढून टाकली.

म्हणूनच ‘श्याम म्हणजेच साने गुरुजी’ हे समीकरण पुरते खरे नाही. श्याम आईच्या सांगण्याबाहेर जात नाही, गुरुजी गेले. आईच्या शिकवणीचा शेवट तिने स्वतः आखलेल्या रेषेपलीकडे आहे, हे त्यांना उमगले होते. आज्ञाधारक मुलगा पुस्तकात राहिला आणि आज्ञेचा अर्थ जाणणारा मुलगा पंढरपुरास गेला.

आणखी एक भेद आहे, आणि तो जिव्हारी लागणारा आहे. लोकांना श्याम इतका आवडला की त्यांनी साने गुरुजींना मोठे होऊच दिले नाही. सभेत ते रडले की लोक म्हणत, हा आमचा श्याम. वस्तुतः हा माणूस शेतकऱ्यांत आणि कामगारांत वावरलेला, वर्षानुवर्षे तुरुंगवास भोगलेला होता. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपविली. ते पन्नास वर्षांचे होते. ह्या अंताचे कारण एका वाक्यात सांगण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा. एवढे मात्र म्हणता येते की, श्यामच्या अश्रूंना पुस्तकात पुसणारा पदर होता. गुरुजींच्या अश्रूंना तो उरला नव्हता, आणि त्यांच्या अश्रूंचे कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानी ते आले नाही.

तीनच वर्षांनी, १९५३ साली, आचार्य अत्रे ह्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. वनमालाबाईंनी आई आणि माधव वझे ह्यांनी श्याम साकारला. १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक प्रथमच देण्यात आले, ते ह्याच चित्रपटाला. तेव्हापासून मराठी माणसाच्या मनात श्याम अधिकच लहान आणि अधिकच गोंडस झाला. २०२३ साली सुजय डहाके ह्यांनी त्याच कथेवर नवा चित्रपट केला आणि त्यात तुरुंगातील साने गुरुजींनाही जागा दिली. हे योग्यच झाले. सांगणारा दिसल्याखेरीज गोष्टीचे मोल पुरते कळत नाही.

तर मग रामाकोन्याच्या मुलाला श्याम आपला का वाटतो? श्यामचे पालगड खरे होते म्हणून नव्हे. पालगड त्याने पाहिलेलेच नाही. सावकाराचा तगादा, आईचे रिकामे डबे झाकणे, शिक्षणासाठी घर सोडणे हे त्याच्या आजोबांनी कन्हान आणि जाम ह्या नद्यांच्या काठीही पाहिले आहे, म्हणून तो आपला वाटतो. आणि सांगणाऱ्याने स्वतःला नायक केले नाही, आईला केले, म्हणूनही वाटतो. पुस्तकाचे नाव ‘श्याम’ नाही, ‘श्यामची आई’ आहे. लेखकाच्या आणि नायकाच्या आयुष्यातील खरे साम्य ह्या षष्ठीच्या प्रत्ययात आहे. दोघेही कुणाचे तरी होते.

साने गुरुजींनी अखेरच्या वर्षांत आंतरभारतीची कल्पना मांडली. भारतातील प्रत्येकाने शेजारच्या भाषेशी मैत्री करावी, एकमेकांचे वाङ्मय वाचावे, हे तिचे सार. तुरुंगात तमिळ शिकणाऱ्या माणसाला ते शोभणारे होते. सौंसर-पांढुर्ण्याच्या घरांत ही मैत्री न सांगताच चालत आली आहे. मुले शाळेत हिंदी वाचतात आणि चुलीपाशी मराठी ऐकतात. धोका आहे तो चुलीपाशी ऐकू येणारी भाषा हळूहळू कागदावरून नाहीशी होण्याचा. अशा घरात रात्री जेवणे झाल्यावर कुणी मोठ्याने एखादी ‘रात्र’ वाचली, तर श्यामने आश्रमात जे केले तेच तेथे घडेल. एकजण सांगेल, चौघे ऐकतील, आणि कुणाची तरी आई पदराने डोळे पुसून म्हणेल, “पुरे झाले आता, उद्या वाच.” उद्या वाचावे लागेल, ह्यातच त्या भाषेचे उद्या आहे.